दप्तरखान्यात सापडलेली माणसे : स्कॉटलंडच्या इतिहासातील काही अपरिचित कथा

इ. स. 1660 च्या डिसेंबर महिन्यात 'एलिझाबेथ' नावाचे एक जहाज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ वादळात सापडून बुडाले. त्यावर सोनेनाणे नव्हते. सुमारे 85 मोठ्या पिंपांत भरलेले कागद होते. स्कॉटलंड जिंकल्यानंतर क्रॉमवेलच्या सैन्याने त्या देशाचे सरकारी दप्तर लंडनला नेऊन ठेवले होते. राजसत्ता पुन्हा प्रस्थापित झाल्यावर ते मायदेशी परत पाठविले जात असतानाच समुद्राने गिळले. असा प्रसंग त्या देशावर पहिल्यांदा आला होता असेही नाही. 1296 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानेही स्कॉटलंडवर स्वारी केली, तेव्हा राजचिन्हांबरोबर कागदपत्रेही उचलून नेली होती. जेत्याला कागदाची किंमत जितांपेक्षा अधिक चांगली कळते, कारण हक्क कागदावर असतात.

ज्याचे दप्तर दोनदा गेले, त्या देशाने पुढे दप्तर जपण्याचा ध्यास घेतला. 1774 मध्ये एडिंबरा येथे केवळ कागदपत्रे ठेवण्यासाठी एका भव्य इमारतीची पायाभरणी झाली. रॉबर्ट ॲडम या नामवंत वास्तुशिल्पीने तिची रचना केली. 'जनरल रजिस्टर हाउस' नावाची ही वास्तू आजही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वापरात आहे. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दप्तराला जे स्थान आहे, तसेच काहीसे स्थान तिला तेथे आहे.

दप्तर म्हटले की राजे, सरदार, तहनामे आणि जमिनींच्या सनदा आठवतात. परंतु अशा दप्तरात कधीकधी अगदी अनपेक्षित माणसे भेटतात. ज्यांना स्वतःचा इतिहास लिहिण्याची संधी कोणी दिली नाही, अशी ही माणसे. कोणी न्यायालयाची पायरी चढले म्हणून, कोणी सरकारला अर्ज केला म्हणून, तर कोणी कॅमेऱ्यासमोरून चालत गेले म्हणून मागे उरले. स्कॉटलंडच्या अभिलेखागारांतून आणि जुन्या चित्रफितींतून बाहेर आलेल्या अशा काही कथा आम्ही येथे सांगणार आहोत. इतिहासाचे अध्यापन करताना या कथांनी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारावयास लावला : सामान्य माणसाचे नाव दप्तरात येते कसे, आणि ते टिकते कोणामुळे?

स्वतःचीच चोरी करणारे मजूर

गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील कापसाचे मळे येतात. खुद्द ब्रिटनच्या भूमीवर गोऱ्या माणसांना पिढ्यानपिढ्या कामाशी जखडून ठेवणारा कायदा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्कॉटलंडच्या संसदेने 1606 मध्ये कोळसाखाणींतील आणि मिठागरांतील मजुरांविषयी एक कायदा केला. त्यानुसार आधीच्या मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय अशा मजुराला कोणीही कामावर ठेवू शकत नसे. मजूर पळून गेल्यास वर्ष आणि एक दिवस एवढ्या मुदतीत मालकाला त्याच्यावर हक्क सांगून त्याला परत आणता येई. आगाऊ मजुरी घेऊन निघून गेलेल्या मजुराला कायदा चोर ठरवीत असे. त्याने चोरलेली वस्तू कोणती? तर त्याचे स्वतःचे शरीर. ते मालकाचे होते आणि तो ते घेऊन पळाला होता!

पुढे खाण विकली गेली की मजूरही खाणीबरोबर नव्या मालकाकडे जात. मूल जन्मले की त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मालकाने बापाच्या हाती काही नाणी ठेवावयाची, आणि बापाने ती घेतली की ते मूलही खाणीला बांधले गेले, अशी प्रथा रूढ होती. 1701 मध्ये बेकायदा अटकेपासून नागरिकांना संरक्षण देणारा एक महत्त्वाचा कायदा स्कॉटलंडमध्ये झाला. मात्र कोळसा व मीठ मजुरांना त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आले. नागरिकत्वाची व्याख्या करताना कोणाला बाहेर ठेवायचे, हे तेथेही आधीच ठरलेले होते.

1775 मध्ये ब्रिटिश संसदेने या मजुरांच्या मुक्ततेचा पहिला कायदा केला. हे मजूर दास्याच्या अवस्थेत आहेत, असे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले होते. तरीही मुक्तता एकदम मिळाली नाही. वयानुसार कोणाला तीन, कोणाला सात, कोणाला दहा वर्षे थांबावे लागणार होते, आणि त्यानंतरही स्थानिक न्यायालयात जाऊन आपली सुटका नोंदवून घ्यावी लागणार होती. ज्याला अक्षरओळख नाही आणि ज्याची मजुरी आधीच कर्जात गेली आहे, तो न्यायालयात कसा जाणार? म्हणून 1799 मध्ये दुसरा कायदा करून उरलेल्या सर्वांना एकदम मुक्त करावे लागले. म्हणजे 1606 पासून मोजल्यास ही बांधिलकी 193 वर्षे टिकली.

कायदा गेला तरी कष्ट गेले नाहीत. 1842 मध्ये खाणींतील बालमजुरीची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात पूर्व स्कॉटलंडमधील स्त्रिया आणि मुली यांच्या जबान्या आहेत. या भागात कोळशाच्या टोपल्या पाठीवर घेऊन शिड्या चढण्याचे काम स्त्रिया व मुली करीत. अकरा वर्षांची एक मुलगी सांगते की, तिचे वडील पहाटे दोनला खाणीत उतरतात, ती स्वतः बायकांबरोबर पहाटे पाचला जाते आणि संध्याकाळी पाचला वर येते. शुक्रवारी तर रात्रभर काम असते. तिला कोणी इतिहासकार भेटला नव्हता. एका सरकारी अधिकाऱ्याने तिला प्रश्न विचारले आणि उत्तरे उतरवून घेतली, एवढ्यामुळे तिचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरविण्यास बंदी घातली.

डेव्हिड स्पेन्स आणि जोसेफ नाइट

हे खाणमजूर अजून कायद्याने बांधलेले असतानाच, 1769 मध्ये, फाइफ परगण्यातील वेम्स या गावी एक घटना घडली. डॉ. डेव्हिड डॅलरिंपल नावाच्या गृहस्थाने वेस्ट इंडीजमधून एक आफ्रिकी गुलाम आपल्याबरोबर आणला होता. त्या गुलामाने गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, डेव्हिड स्पेन्स हे नाव धारण केले आणि आता आपण कोणाचे गुलाम नाही, असे मालकाला लेखी कळविले. त्याने एका शेतकऱ्याकडे आश्रय घेतला. मालकाने त्याला पकडून तुरुंगात टाकविले. तेव्हा त्याचा खटला चालविण्यासाठी परिसरातील चर्चमधून वर्गणी गोळा झाली, आणि वर्गणी देणाऱ्यांत कोळसाखाणीतील, मिठागरातील व शेतावरील मजूर होते. न्यायालयाचा निर्णय होण्याआधीच मालक मरण पावला आणि स्पेन्स मोकळा झाला.

या वर्गणीपाशी आम्ही नेहमी थबकतो. ज्या मजुराला स्वतःची खाण सोडून जाण्याचा हक्क नव्हता, त्याने आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून दुसऱ्या खंडातून आलेल्या, दुसऱ्या वर्णाच्या माणसाच्या सुटकेसाठी पैसे काढले. बंधुता हा शब्द आपण संविधानाच्या उद्देशिकेत वाचतो. ती प्रत्यक्षात उतरते तेव्हा कशी दिसते, याचे यापेक्षा साधे उदाहरण देता येणार नाही.

यानंतरचा खटला अधिक गाजला. जोसेफ नाइट याला लहानपणीच आफ्रिकेतून जमैकात आणून विकले गेले होते. ज्या जहाजातून त्याला आणले, त्याच्या कप्तानाचे आडनाव त्याला चिकटले. त्याला विकत घेणारा जॉन वेडरबर्न हा स्कॉटिश होता. वेडरबर्नच्या वडिलांना 1746 मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून फाशी झाली होती आणि घराण्याची मालमत्ता गेली होती. देशोधडीला लागलेला हा मुलगा जमैकात गेला आणि उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या श्रमातून गबर झाला. स्वतः अन्याय सोसलेला माणूस दुसऱ्यावर अन्याय करणार नाही, अशी खात्री इतिहास देत नाही.

1769 मध्ये वेडरबर्न नाइटला घेऊन मायदेशी परतला. नाइट लिहावाचावयास शिकला होता. 1772 मध्ये लंडनच्या न्यायालयाने सॉमरसेट नावाच्या गुलामाच्या बाजूने निर्णय दिल्याची बातमी त्याच्या वाचनात आली. त्याने ॲनी थॉम्पसन या त्याच घरातील मोलकरणीशी विवाह केला होता, आणि आता त्याला संसारासाठी स्वतःची मजुरी हवी होती. तो घर सोडून निघाला, तेव्हा वेडरबर्नने त्याला पकडविले. स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी, म्हणजे वेडरबर्नच्याच वर्गातील जमीनदारांनी, मालकाच्या बाजूने कौल दिला. नाइटने पर्थच्या शेरीफ न्यायालयात दाद मागितली. 1774 मध्ये शेरीफने निर्णय दिला की, या राज्याचा कायदा गुलामगिरी मानीत नाही. हे तेच वर्ष, ज्या वर्षी एडिंबरात दप्तरखान्याची पायाभरणी झाली.

वेडरबर्न वरिष्ठ न्यायालयात गेला. तेथे त्याने मोठा चतुर युक्तिवाद केला : नाइट गुलाम आहे असे आमचे म्हणणे नाही, तो केवळ आयुष्यभर सेवा करण्यास बांधलेला आहे! शब्द बदलला म्हणजे वस्तुस्थिती बदलते, हा समज किती जुना आहे पाहा. नाइटच्या बाजूने नामवंत वकील उभे राहिले. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी त्याच्यासाठी युक्तिवादाचा मसुदा तयार करून दिला. जानेवारी 1778 मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने बहुमताने नाइटचा विजय घोषित केला. जमैकाच्या कायद्याखाली मिळविलेली ही मालकी अन्याय्य आहे आणि या देशात तिला कसलाही आधार मिळणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या खटल्याची कागदपत्रे आज एडिंबरात आहेत. त्यांत नाइटने स्वतःची हकिकत सांगणारे निवेदनही आहे. तो ज्यासाठी झगडला ते स्वातंत्र्य मिळाल्यानंतर मात्र त्याचा माग दप्तरातून हरवतो. तो कोठे राहिला, कसा जगला, केव्हा वारला, याची नोंद हाती लागत नाही. वेडरबर्न घराण्याची वंशावळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या उपलब्ध आहे. गरिबाचे नाव दप्तरात शिरते ते संकटाच्या दाराने, आणि संकट संपले की तेही बाहेर पडते.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. नाइटची बाजू मांडणाऱ्या वकिलांत हेन्री डंडस होते. हेच डंडस पुढे मंत्री झाले, आणि 1792 मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालण्याचा ठराव संसदेत आला, तेव्हा त्यात 'हळूहळू' हा शब्द घालण्याची दुरुस्ती त्यांनीच मांडली. व्यापारबंदीचा कायदा प्रत्यक्षात 1807 मध्ये झाला. एडिंबरातील त्यांच्या उंच स्मारकावरून तेथे अलीकडे मोठा वाद झाला, तो याच कागदांच्या आधारे. दप्तर कोणालाही केवळ नायक किंवा केवळ खलनायक राहू देत नाही.

ग्लासगोचा विद्यार्थी

ग्लासगो शहराचे वैभव तंबाखू आणि साखर यांच्या व्यापारावर उभे राहिले. तेथील जमैका स्ट्रीट हे नावच त्याची साक्ष देते. त्याच शहरात 1830 च्या दशकात न्यूयॉर्कहून एक कृष्णवर्णीय तरुण शिकावयास आला. त्याचे नाव जेम्स मॅक्यून स्मिथ. तो जन्माने गुलाम होता. अमेरिकेतील महाविद्यालयांनी केवळ वर्णामुळे त्याला प्रवेश नाकारला होता. ग्लासगो विद्यापीठाने त्याला प्रवेश दिला. तेथे त्याने एकामागून एक तीन पदव्या मिळविल्या आणि 1837 मध्ये तो एम. डी. झाला. वैद्यकीय पदवी मिळविणारा तो पहिला आफ्रिकी-अमेरिकी होय. मायदेशी परतून त्याने न्यूयॉर्कमध्ये दवाखाना चालविला, अनाथ कृष्णवर्णीय मुलांवर उपचार केले आणि गुलामगिरीविरोधी चळवळीत लेखणी झिजविली. सातासमुद्रापलीकडे शिकून ते ज्ञान आपल्या समाजासाठी वापरण्याची ही वाट आपल्या वाचकांना अनोळखी वाटणार नाही.

याच विद्यापीठाने पुढे आपली जुनी हिशेबवहीही उघडली. 2018 मध्ये त्याने एक अहवाल प्रसिद्ध केला. विद्यापीठाला मिळालेल्या देणग्यांपैकी कितीतरी रक्कम गुलामांच्या श्रमातून आलेली होती, हे त्यात मान्य केले आणि आजच्या मूल्यानुसार तिचा अंदाजही दिला. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीज विद्यापीठाबरोबर 2 कोटी पौंडांचा संशोधन व विकास करार केला. मॅक्यून स्मिथचे नाव आता तेथील एका मोठ्या अध्ययन इमारतीला दिलेले आहे. संस्थेने स्वतःच्या दप्तराकडे प्रामाणिकपणे पाहिले, तर त्यातून केवळ गौरवगाथा निघत नाही. काही देणीही निघतात.

कॅमेऱ्याने टिपलेले बेट

आता कागदाकडून चित्रफितीकडे वळू. 1976 मध्ये स्कॉटलंडमध्ये जुन्या चित्रफितींचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. आज ते तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचा भाग असून ग्लासगोतील केल्व्हिन हॉलमध्ये आहे. चित्रफीत कागदापेक्षाही नाजूक असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फीत सहज पेट घेते. तिच्यानंतर आलेली ॲसिटेटची फीत जुनी झाली की आंबट वास येऊ लागतो आणि ती आक्रसत जाते. आपल्या पुण्यातच 2003 मध्ये नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून मूकपटांच्या काळापासूनचा मोठा ठेवा नष्ट झाला. म्हणून जी फीत वाचली, ती कोणीतरी वेळीच काळजी घेतल्यामुळे वाचली, असे समजावे.

या संग्रहातील सेंट किल्डा बेटाच्या चित्रफिती विशेष प्रसिद्ध आहेत. अटलांटिक महासागरात अगदी एकाकी पडलेले हे बेट. तेथील लोक कड्यांवर चढून समुद्रपक्षी पकडीत, मेंढ्या पाळीत आणि लोकरीचे कापड विणीत. 1920 च्या दशकात पर्यटकांना नेणाऱ्या आगबोटीवरून दोन चित्रपटकार तेथे गेले आणि त्यांनी बेटावरचे जीवन चित्रित केले. ब्रिटनमधील सर्वांत एकाकी बेट, अशी त्या मूकपटाची जाहिरात होती. त्यात कड्यावरून दोरीने उतरणारे पुरुष दिसतात, शाली पांघरलेल्या स्त्रिया दिसतात, कॅमेऱ्याकडे पाहून संकोचणारी मुले दिसतात. पाहुणे पाहावयास आले आहेत आणि बेटकरी पाहिले जात आहेत, हा फरक क्षणोक्षणी जाणवतो. ज्याच्या हाती कॅमेरा, त्याची नजर. ही नजर ओळखल्याशिवाय जुनी चित्रफीत वाचता येत नाही.

बेटकऱ्यांचा स्वतःचा आवाज मात्र एका कागदावर आहे. तरुण माणसे बेट सोडून जात होती, वस्ती रोडावत होती. 10 मे 1930 रोजी त्यांनी सरकारला अर्ज केला. पुढचा हिवाळा आम्हांला येथे काढणे शक्य नाही, आम्हांला येथून हलवून दुसरीकडे घरे व कामे द्यावीत, अशी त्यांची मागणी होती. 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेले 36 जण नौदलाच्या 'हेअरबेल' या जहाजावर चढले आणि शतकानुशतकांची वस्ती संपली.

हा अर्ज ज्यांच्या नावे होता, ते स्कॉटलंडचे मंत्री विल्यम ॲडमसन कोण होते? फाइफ परगण्यातील खाणकामगार! बालपणापासून सत्तावीस वर्षे त्यांनी खाणीत काम केले होते. ज्या परगण्यातील मजूर दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने खाणीला बांधलेले होते, त्याच परगण्यातील खाणकामगार आता देशाचा मंत्री होऊन दुसऱ्या गरिबांचे गाऱ्हाणे वाचीत होता. 1775, 1799, 1842 आणि 1930 ही वर्षे शेजारी मांडली, म्हणजे एवढे अंतर कापावयास किती पिढ्या लागल्या ते समजते.

सेंट किल्डाविषयीची एक हकिकत दप्तराचे महत्त्व आणखी स्पष्ट करते. बेट सोडण्याआधीच्या जानेवारीत एक तरुण आई मुख्य भूमीवरील रुग्णालयात मरण पावली होती. ती अपेंडिसाइटिसने गेली, असे पुढे साठ वर्षे पुस्तकांतून सांगितले जात होते. 1991 मध्ये तिच्या मुलाला खरी हकिकत कळली. तिने रुग्णालयात एका मुलीला जन्म दिला होता आणि मायलेकी दोघीही दगावल्या होत्या. म्हणजे आपल्याला एक बहीण होती, हे त्या मुलाला म्हातारपणी कळले. पुस्तकात छापले म्हणून ते खरे, असे न मानता मूळ नोंद शोधावी लागते ती याचसाठी.

वसतिगृहाची गृहमाता

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत पुढची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जेन हेनिंग यांचा जन्म 1897 मध्ये दक्षिण स्कॉटलंडमधील डन्स्कोर गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. आई लवकर गेली. पुढे त्या शिष्यवृत्तीवर डम्फ्रीसच्या शाळेत शिकल्या आणि तेथील वसतिगृहात राहिल्या. दहा वर्षे त्यांनी पेस्ली येथील सूतगिरणी कंपनीत कारकुनी केली. 1932 मध्ये त्या हंगेरीतील बुडापेस्ट येथे स्कॉटिश मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाच्या गृहमाता म्हणून गेल्या. शाळेत सुमारे चारशे मुली होत्या, त्यांपैकी काही वसतिगृहात राहत. यांतील पुष्कळ मुली ज्यू होत्या.

दुसरे महायुद्ध पेटल्यावर 1940 मध्ये चर्चने त्यांना मायदेशी परतण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. चांगल्या दिवसांत ज्या मुलींना आपली गरज होती, त्यांना वाईट दिवसांत ती कितीतरी अधिक असणार, अशा आशयाचे उत्तर त्यांनी कळविले. टंचाईच्या काळात त्या पहाटे बाजारात जाऊन मुलींसाठी अन्न मिळवीत. मुलींचे बूट फाटले तेव्हा त्यांनी आपली चामड्याची बॅग कापून ते दुरुस्त करविले.

मार्च 1944 मध्ये जर्मन सैन्याने हंगेरी ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात जेन हेनिंग यांना अटक झाली. त्यांच्यावर आठ आरोप होते. ज्यूंमध्ये काम करणे, ब्रिटिश आकाशवाणीच्या बातम्या ऐकणे यांच्याबरोबरच त्यांत एक आरोप असाही होता की, मुलींच्या कपड्यांवरील सक्तीचे पिवळे तारे पाहून त्या रडल्या. अश्रू हाही गुन्हा ठरावा, अशी ती राजवट होती. त्यांना ऑश्विट्झ छळछावणीत पाठविण्यात आले आणि जुलै 1944 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. छावणीच्या मृत्युदाखल्यावर आतड्याच्या विकाराने आलेली अशक्तता, असे कारण लिहिले आहे. कागद खोटेही बोलतो, हे विसरता कामा नये.

2016 मध्ये एडिंबरातील चर्चच्या कार्यालयात माळ्यावर ठेवलेल्या कागदांत जेन हेनिंग यांचे स्वहस्ताक्षरातील मृत्युपत्र सापडले. त्यावर जुलै 1942 ही तारीख आहे. मागे काय सोडून जात होत्या त्या? रेडिओ, टंकलेखन यंत्र, कोट, घड्याळे अशा मोजक्या वस्तू. त्याबरोबर बुडापेस्टच्या शाळेची सत्तरहून अधिक छायाचित्रेही मिळाली. ही कागदपत्रे नंतर राष्ट्रीय ग्रंथालयाकडे सोपविण्यात आली. इतकी वर्षे ती टिकली, कारण कोणीतरी ती फेकून दिली नव्हती.

न दुरुस्त केलेली इंजिने

शेवटची कथा आपल्या स्मरणातल्या काळाची आहे. सप्टेंबर 1973 मध्ये चिलीच्या लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. त्या दिवशी हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले होते. या विमानांची इंजिने दुरुस्तीसाठी स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइड येथील कारखान्यात येत. मार्च 1974 मध्ये बॉब फुल्टन या तपासनीस कामगाराच्या समोर असे एक इंजिन आले. हे कोठून आले आहे ते ओळखून त्यांनी त्यावर काम करण्यास नकार दिला, आणि कारखान्यातील सहकारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. इंजिने चार वर्षे आवारात गंजत पडली. 1978 मध्ये एका रात्री ती गुपचूप उचलून नेण्यात आली. आपल्या नकाराने काही साधले नाही, असे समजून कामगार आपापल्या आयुष्याला लागले.

चिलीतून परागंदा झालेल्या एका गृहस्थाचा मुलगा, फेलिपे बुस्तोस सिएरा, पुढे चित्रपट दिग्दर्शक झाला. त्याने या वृद्ध कामगारांना शोधून काढले. चिलीतील माजी कैद्यांच्या आणि तेव्हाच्या हवाईदलातील माणसांच्या मुलाखती घेतल्या, जुनी दृश्ये मिळविली. 2018 मध्ये 'ना पसारान' हा माहितीपट प्रदर्शित झाला. आपल्या त्या एका नकाराची बातमी तुरुंगातल्या माणसांपर्यंत पोहोचली होती आणि तिने त्यांना धीर दिला होता, हे कामगारांना चाळीस वर्षांनी कळले. चिलीच्या सरकारने 2015 मध्ये त्यांतील तिघांचा राष्ट्रीय सन्मानही केला. गंजलेल्या इंजिनांपैकी एक शोधून ईस्ट किलब्राइडला परत आणण्यात आले आहे.

आपल्यासाठी

या कथा परक्या देशाच्या आहेत, परंतु त्या देशाशी आपला धागा अगदीच तुटक नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे इंग्रजी शिक्षण पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. ते पत्र आणि त्याचे उत्तर आज आपण वाचू शकतो, कारण ड्यू बॉइस यांची कागदपत्रे अमेरिकेतील विद्यापीठाने जपून ठेवली. एका मुक्तिलढ्याने दुसऱ्या मुक्तिलढ्याकडे पाहिले, याचा पुरावा कोणीतरी सांभाळलेल्या एका पत्रात आहे.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. कष्टकऱ्याचे नाव दप्तरात आपोआप येत नाही. जोसेफ नाइटला त्यासाठी न्यायालयात जावे लागले, बेटकऱ्यांना अर्ज लिहावा लागला, खाणीतल्या मुलीला कोणी विचारावे लागले. आणि आलेले नाव टिकते, ते कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी पेटीत, कोणीतरी फेकून न दिल्यामुळे. ज्यांच्याकडे वंशावळी आणि सनदा आहेत, त्यांचा इतिहास सुरक्षित असतो. आपल्याला मात्र तो मुद्दाम जपावा लागेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे. घरातील जुन्या पेटीत आजोबांचा शाळेचा दाखला असेल, धम्मदीक्षेच्या वेळचे छायाचित्र असेल, एखाद्या मोर्चाचे पत्रक असेल, गिरणीतील हजेरीकार्ड असेल, बाबांनी वसतिगृहातून घरी पाठविलेले पोस्टकार्ड असेल. ते रद्दीत घालू नका. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि वर्ष लिहा, कारण नाव नसलेला चेहरा एका पिढीनंतर परका होतो. घरातील ज्येष्ठांना बोलते करा आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. कागद ओल आणि वाळवी यांपासून दूर ठेवा, त्यांना प्लॅस्टिकचे आवरण घालू नका, आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरीही ठेवा. 'एलिझाबेथ' जहाजावरच्या कागदांना दुसरी प्रत नव्हती.

ही स्मरणिकाही एक दप्तरच आहे. पन्नास वर्षांनी एखादी विद्यार्थिनी आपल्या वसतिगृहाचा इतिहास शोधू लागेल, तेव्हा हिची पाने तिच्या हाती येतील. तिला त्यात केवळ अध्यक्षांची आणि पाहुण्यांची नावे सापडू नयेत. पहाटे उठून भाकरी थापणाऱ्या मावशींचे, राखणदाराचे आणि पहिल्या तुकडीतील प्रत्येक मुलामुलीचे नावही तिला त्यात मिळाले पाहिजे.